ट्रेव्हीच्या पाण्यावर फॅशन शो
७ जुलै २०१६ रोजी रोममधल्या ट्रेव्ही कारंज्याच्या हौदावर फेंडी कंपनीने पारदर्शक तात्पुरती वाट टाकली. मॉडेल्स जणू पाण्यावरून चालल्या. कारंज्याच्या दुरुस्तीचा २० लाख युरोंहून जास्त खर्च याच कंपनीने उचलला होता. काम २०१५ मध्ये संपलं. देखावा देखणा, यात वादच नाही. पण माझ्यातल्या इंजिनिअरला एक खटकतं. ट्रेव्ही म्हणजे इ.स.पू. १९ मध्ये अग्रिप्पाने शहरात आणलेल्या जलवाहिनीचं टोक. तिथे पाणीच मुख्य. इथे ते पायाखालची चमक झालं. आपल्याकडे राजवाडे समारंभांना देताना भार, खिळे, वीज यांचे नियम हवेतच. शिवाय वास्तूचा इतिहास पाहुण्यांना सांगण्याची अटही करारात घाला. नाहीतर दुरुस्त केलेली वास्तू नुसता सेट होऊन बसते.