फडाची आखणी

नंदुरबारहून साक्रीकडे गेले की पांझरा भेटते. नंदुरबार 1998 पर्यंत ज्या धुळे जिल्ह्यात होते, त्यातली सर्वांत देखणी रचना या नदीकाठी आहे: फड. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर गावांनी काही शतके चालवलेली ही सिंचनाची पद्धत. तिच्यावर कोणाचीही सही नाही.

आधी बंधारा पाहावा. पात्रात खडक उघडा पडतो तिथे पाया, आणि उंची बेताची. पुराशी झुंज नाही. पूर माथ्यावरून खुशाल जातो. पाणी पाटात वळेल एवढीच पातळी उचललेली. वरच्या बंधाऱ्यातून निसटलेले आणि शेतांतून झिरपून नदीला मिळालेले पाणी खालचा बंधारा पुन्हा धरतो. पाटात जास्त झालेले पाणी सांडमातून नदीला परत जाते. किती कमी दगडांत केवढे काम!

पण खरी प्रतिभा जमिनीच्या वाटणीत आहे. पाट आणि नदी यांच्यामधल्या पट्ट्याचे सहसा चार फड पाडलेले. एका फडात एकच पीक: कुठे ऊस, कुठे हंगामी पिके, आणि पुढे त्यांची अदलाबदल. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात. नकाशावर हे विखुरलेपण गैरसोयीचे दिसते. पाणी तुटपुंजे असलेल्या वर्षी मात्र त्याचा अर्थ उलगडतो: गाव एक फड पडीक ठेवते, आणि मग पडीक तुकडा सगळ्यांच्याच वाट्याला येतो. शिवाय सलग शेतांना एकच पीक असल्याने पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला पाण्याची पाळी सोपी जाते. न्याय बांधाबांधांतच आखून ठेवला आहे. मला ही आखणी एखाद्या उत्तम बंदिशीइतकी घट्ट वाटते.

पुढचे फेरफारही बघण्यासारखे. 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनी पांझरेच्या परिसरातच नळांचा सायफन बांधला. प्रवाह आडवा आला तर पाणी त्याच्या खालून न्यायचे, पलीकडे ते आपल्याच दाबाने वर येते. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी मांडलेल्या ब्लॉक पद्धतीत ऊस जमिनीच्या ठरावीक भागापुरता, बाकीत कमी पाण्याची पिके आणि जागांची पालट. फडाशी नाते उघड आहे. फरक एवढाच, आणि मला तो मोठा वाटतो: तिथे पाळी सरकारी मंजुरीने ठरते, इथे गावाच्या संमतीने.

पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर अशी धरणे झाली आणि नद्यांचे वाहणे बदलले. फडांत विहिरी आल्या. विहीरवाला आपल्या तुकड्यात हवे ते पीक घेऊ शकतो. बंधारा शाबूत, पाट वाहता; पण एका फडात तीन पिके उभी राहिली की पाटकऱ्याला शेतागणिक वेगळा हिशेब करावा लागतो, आणि फड पडीक ठेवायचा म्हटले तर विहीरवाल्याचे त्यात काहीच अडत नाही.