आणीबाणीची ग्रंथी : तक्त्यातली आणि रुग्णालयातली

शालेय जीवशास्त्राच्या पुस्तकात अंतःस्रावी ग्रंथींचा एक तक्ता हमखास असतो. डावीकडे ग्रंथी, मधे संप्रेरक, उजवीकडे कार्य. त्यात अधिवृक्क ग्रंथीच्या वाट्याला दीड ओळ येते : ॲड्रिनॅलिन, संकटकाळी शरीराला सज्ज करते. काही पुस्तके त्याखाली ‘कॉर्टिकोस्टेरॉइड’ हा शब्द घालून ‘क्षारांचे संतुलन’ अशी नोंद करतात. मग वर्गात कुत्रा मागे लागल्याची गोष्ट सांगितली जाते, छाती धडधडते, आणि तास संपतो. परीक्षेत जोडी लावायची असते, अधिवृक्क आणि आणीबाणी. मुले ती अचूक लावतात. मीही अनेक वर्षे ती लावून घेतली. ही जोडी चुकीची नाही. पण ज्या आणीबाणीत मूल खरोखर दगावू शकते तिच्याविषयी ती काहीच सांगत नाही, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

वास्तविक अधिवृक्क म्हणजे एकाच वेष्टनात बांधलेल्या दोन ग्रंथी होत. आतला गाभा ॲड्रिनॅलिन तयार करतो. भोवतालचे बाह्यक कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन तयार करते. गाभा नसला तरी माणूस जगतो. बाह्यक निकामी झाले आणि उपचार मिळाले नाहीत, तर जगत नाही. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथींच्या आजाराचे रुग्ण वर्णन केले : कमालीचा अशक्तपणा, क्षीण नाडी, उलट्या, काळवंडलेली त्वचा. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढल्या आणि ते प्राणी मेले. असे असूनही तक्त्यात मान मिळाला तो गाभ्याला. कारण इतिहासात आहे. ॲड्रिनॅलिन १९०१ च्या सुमारास शुद्ध स्वरूपात हाती आले, आणि त्यानंतर वॉल्टर कॅनन यांनी कुत्रा भुंकल्यावर मांजराच्या रक्तात काय बदल होतात ते दाखवले. बाह्यकातील संप्रेरके वेगळी काढायला १९३० चे दशक उजाडावे लागले. त्या कामाचे नोबेल पारितोषिक १९५० चे. आपले तक्ते मात्र कॅननच्या मांजरापाशीच रेंगाळले.

आता रुग्णालयातले एक मूल डोळ्यांपुढे आणू. सात वर्षांचे वय, लघवीतून प्रथिने जाण्याचा मूत्रपिंडाचा विकार, अंगावर सूज, त्यासाठी काही महिने प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. ही गोळी कॉर्टिसॉलचेच काम करते. रक्तात पुरेसे संप्रेरक आहे असे पाहून पियूषिका ग्रंथी बाह्यकाला हुकूम सोडणे कमी करते, आणि काम नसलेले बाह्यक आक्रसते. अशात घरचे लोक ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून गोळ्या एकदम बंद करतात. किंवा गोळ्या चालू असतात, पण मुलाला न्यूमोनिया होतो. धडधाकट मुलाचे बाह्यक मोठ्या आजारात नेहमीच्या कित्येक पट कॉर्टिसॉल सोडते. या मुलाच्या बाह्यकाला ते जमत नाही. मूल मलूल होते, ओकते, पोट दुखते म्हणते, रक्तदाब उतरतो, रक्तातील साखर आणि सोडियम घटते.

अडचण अशी की यातले प्रत्येक लक्षण जुलाबात, हिवतापात, साध्या न्यूमोनियातही दिसते. ॲडिसनची खूण, म्हणजे काळवंडलेली त्वचा, इथे नसते. ती पियूषिकेचे संप्रेरक वाढल्यावर येते, आणि इथे ते घटलेले असते. (बाह्यकच बिघडलेल्या मुलातही आपल्या सावळ्या रंगावर ती सहज नजरेतून सुटते, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा पाहाव्या लागतात.) अल्डोस्टेरॉनवर मुख्यतः पियूषिकेची सत्ता नसल्याने पोटॅशियमही वाढत नाही. ‘क्षारांचे संतुलन’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी इथे पुरता फसेल. निदानाची किल्ली बहुधा एका प्रश्नात असते : गेल्या काही महिन्यांत मूल कोणत्या गोळ्या घेत होते?

शिरेतून सलाइन दिले, तरी रक्तदाब चढत नाही. मग खुद्द ॲड्रिनॅलिन थेंबाथेंबाने सुरू करतात, तरीही फारसा फरक पडत नाही. तक्त्यातला नायक इथे हतबल ठरतो, कारण रक्तवाहिन्यांनी त्याचे ऐकावे यासाठी कॉर्टिसॉल लागते. इतकेच नव्हे, गाभ्यात नॉरॲड्रिनॅलिनचे ॲड्रिनॅलिन होण्यालाही शेजारच्या बाह्यकातून झिरपणारे कॉर्टिसॉल हवे असते. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देतात : शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० ते १०० मिलिग्रॅम. घाईत वयाचा ठोकताळा वापरतात. तीन वर्षांखाली २५, बारापर्यंत ५०, त्यापुढे १०० मिलिग्रॅम. जोडीला सलाइन आणि ग्लुकोज. तपासणीसाठी रक्त आधी काढून ठेवता आले तर उत्तम, पण अहवालाची वाट पाहत औषध थांबवायचे नसते.

तान्ह्या बाळांतही हे घडते. बाह्यकातील एका विकराच्या जन्मजात अभावामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ ओकू लागते, वजन घटते. मुलींमध्ये जननेंद्रियांच्या ठेवणीवरून जन्मतःच शंका येऊ शकते. मुलगे वरकरणी ठीक दिसतात आणि म्हणून निसटतात. काही देशांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन सगळ्याच नवजातांची तपासणी होते, आपल्याकडे ती सरसकट होत नाही.

पाठ्यपुस्तककारांना पानांची मर्यादा असते, हे मान्य. वर्तमानपत्री आरोग्य सदरांना तीही सबब नाही. ‘ताणाचे संप्रेरक’ असे नाव ठेवून ती कॉर्टिसॉलला वैरी ठरवतात, आणि गोळ्या परस्पर बंद करणाऱ्या घरांना आणखी एक निमित्त देतात. माझी मागणी लहान आहे. कुत्रा राहू द्या. त्याच्या शेजारी पियूषिकेकडून बाह्यकाकडे एक बाण आणि उलट येणारा दुसरा बाण काढा, आणि बाहेरून आलेली गोळी त्या साखळीत कुठे बसते ते दाखवा. मग गोळ्या हळूहळू का कमी करायच्या, अशा मुलाला ताप आल्यावर डॉक्टर गोळी दुप्पट-तिप्पट का करतात, आणि उलटीत गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन का लागते, हे नववीतला मुलगा स्वतः सांगू शकेल. ‘अधिवृक्क’ या नावातून तर फक्त पत्ता कळतो, मूत्रपिंडावर बसलेली. काम दुसरीकडूनच कळायला हवे.

सकाळच्या शाळेत एका मुलीने मला विचारले होते, “सर, कुत्रा मागे लागला नाही, तर ही ग्रंथी दिवसभर काय करते?” सात वाजले होते. त्या घटकेला तिच्या रक्तातील कॉर्टिसॉल दिवसभरातल्या उच्चांकाच्या आसपास असणार. मी तिला सांगितले, “वाट पाहते.”