‘न विणलेले’ : एका संज्ञेची चिकित्सा

संयुक्त पदार्थांच्या मराठी विवेचनात ‘नॉनवोव्हन’चे भाषांतर सहसा ‘न विणलेले कापड’ असे केले जाते. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी अर्थदृष्ट्या अपुरे आहे. नकारार्थी पदाने वस्तू काय नाही एवढेच कळते; ती कशामुळे एकसंध राहते, हे कळत नाही. शिवाय अशा पदाला उणेपणाची छटा सहज चिकटते, आणि हा थर विणलेल्या कापडाहून सर्वथा दुबळा, असा ग्रह विद्यार्थी करून घेतो.

वस्तुतः ओल, उष्णता व घर्षण यांनी लोकरीचे तंतू परस्परांत गुंतवून केलेल्या वस्तूस मराठीत ‘नमदा’ हे विधायक नाव आहे. कापसाच्या तंतूवर लोकरीसारखे खवले नसल्याने त्याचा नमदा होत नाही. म्हणून गादीतील पिंजलेला कापूस टाके घालून जागी ठेवावा लागतो. काटेरी सुयांनी तंतू गुंतविणे अथवा चिकटद्रव्याने सांधणे, या यांत्रिक कृती हीच गरज भागवितात.

वऱ्हाडातील घरबांधणीचा दाखला अधिक बोलका आहे. अमरावती-अकोल्याकडील कुडाच्या भिंतीत तुराट्या वा पऱ्हाट्या ओळीने बांधतात आणि वरून कुटार मिसळलेल्या मातीचे लिंपण देतात. काड्यांना दिशा असते, कुटाराला नसते. तरीही वाळत्या मातीच्या भेगा आवरते ते कुटारच. कारण भेग कोणत्या दिशेने जाईल, हे आधी ठाऊक नसते.

क्रेंचेल यांच्या १९६४ मधील गुणकांनी हेच अंकांत मांडता येते. तंतूंचे प्रमाण समान धरल्यास, काटकोनात विणलेल्या कापडाचा ताठरतेचा गुणक धाग्यांच्या दिशेत १/२, परंतु ४५ अंशांत केवळ १/४ येतो. प्रतलात यदृच्छया पसरलेल्या तंतूंचा तो सर्व दिशांत ३/८ राहतो. मात्र विस्कळीत तंतू दाट बसत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात त्यांचे प्रमाण कमी पडते. म्हणून मुख्य भारवाही घटकांत दिशाबद्ध थरांची जोड आवश्यक ठरते, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे.

सबब ‘तंतुस्तर’ ही संज्ञा स्वीकारावी, आणि बंधनाच्या प्रकारानुसार ‘सुईबद्ध’, ‘चिकटबद्ध’ अशी विशेषणे तिला जोडावीत, असे आम्ही सुचवितो. त्यामुळे तंतूंचे बंधन कसे झाले, हे नावावरूनच कळेल. आणि त्या थराचे बळ व मर्यादा यांचा विचार विद्यार्थ्याला तेथूनच आरंभिता येईल.