संहिता, सोय आणि संपादन : 'फायनल फँटसी सहा'च्या पुनर्संस्करणाची चिकित्सा

प्रस्तुत लेखात 'फायनल फँटसी सहा' या जपानी व्हिडिओ गेमच्या पुनर्संस्करणाचा विचार करावयाचा आहे. महाविद्यालयीन नियतकालिकात असा विषय यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. तथापि चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यातील आमचे पुष्कळ विद्यार्थी कारखान्यातील पाळी संपवून वर्गात येतात आणि कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या हाती पुस्तकापेक्षा मोबाइलच अधिक वेळ असतो. तीस वर्षांपूर्वीची एक दीर्घ कथा त्या पडद्यावर आज मिळू शकते. ती कोणत्या पाठाने मिळते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अध्यापकाला परका मानता येणार नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी आपल्याच परिसराने दिलेली आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत परंपरा चिखलीच्या मल्हारपंतांचे नाव घेते. चाकणच्या संताजी जगनाडे यांच्या वह्या हा तर गाथेच्या पाठनिश्चितीतील एक प्रमुख आधार होय. मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन खंड निघाले. पुढे विष्णुबुवा जोग यांची सार्थ गाथा आली आणि विनायक लक्ष्मण भावे यांनी जगनाडे यांच्या वह्यांवरून सिद्ध केलेला पाठ 'अस्सल' या विशेषणासह प्रसिद्ध केला. या आवृत्त्यांत अभंगांचा क्रम वेगळा, संख्या वेगळी, कित्येक ठिकाणी शब्दही वेगळे. 'अस्सल' कोणती यावर वाद झाले आणि होत राहतील. परंतु एक आवृत्ती निघाली म्हणून आधीची वाचकांच्या हातून काढून घेतली गेली नाही. १९५० मध्ये शासनाने इंदुप्रकाशचीच प्रत पुन्हा छापली. अभ्यासकाला दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचता येतात, हे वैभव आपण इतके गृहीत धरले आहे की त्याचा अभाव कसा असतो याची आपल्याला कल्पना नसते.

मूळ कृती

'फायनल फँटसी सहा' हा खेळ एप्रिल १९९४ मध्ये जपानमध्ये निन्तेन्दोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी स्क्वेअर कंपनीने प्रसिद्ध केला. योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो हे त्याचे दिग्दर्शक, हिरोनोबु साकागुची निर्माते आणि नोबुओ उएमात्सु संगीतकार. रोल-प्लेइंग या प्रकारात खेळणारा कथेतील पात्रांचा जथा घेऊन नकाशावर फिरतो, वाटेत अवचित शत्रू आडवे येतात, लढता लढता पात्रे समर्थ होत जातात आणि कथा पुढे सरकते. या कृतीत अशी चौदा पात्रे आहेत आणि नायक मात्र एकही ठामपणे सांगता येत नाही. निम्म्या वाटेवर खलपुरुष केफ्का जिंकतो आणि जग खरोखरच मोडते. खेळणाऱ्याने ओळखलेला सारा भूगोल नष्ट होतो.

मोडलेल्या जगातील पहिला प्रसंग हा या कृतीचा कळस आहे, असे माझे मत आहे. सेलेस ही एके काळची सेनानी वर्षभराच्या मूर्च्छेनंतर एका एकाकी बेटावर जागी होते. सोबतीला आजारी वृद्ध सिड. त्याला जगवायचे तर किनाऱ्यावर जाऊन मासे पकडून आणायचे. चपळ मासा चांगला, मंद पोहणारा मासा त्याची प्रकृती अधिक बिघडवतो; पण हे खेळ कोठेही सांगत नाही. म्हातारा दगावला तर सेलेस कड्यावरून उडी घेते. वाचते, परंतु कोणत्या मनाने, ते पाहण्यासारखे आहे. याच बेटावर फिरताना जे शत्रू आडवे येतात त्यांची जीवनशक्ती आपोआप झिरपत असते. त्यांच्याशी लढावे लागतच नाही. नुसते उभे राहिले तरी ते काही क्षणांत मरतात. जग मरणपंथाला लागले आहे ही गोष्ट येथे कोणत्याही संवादाने सांगितलेली नाही. ती लढाईच्या नियमांतून सांगितली आहे. कादंबरी किंवा नाटक यांना न साधणारा हा निवेदनप्रकार आहे आणि पुनर्संस्करणाची चर्चा येथूनच सुरू झाली पाहिजे.

नवी आवृत्ती आणि तिच्या सोयी

'पिक्सेल रीमास्टर' या नावाने ही कृती फेब्रुवारी २०२२ मध्ये संगणक आणि मोबाइलवर आली. एप्रिल २०२३ मध्ये ती निन्तेन्दो स्विच आणि प्लेस्टेशन ४ या संचांवर आली. पात्रांची ठिपकाचित्रे सिद्ध करण्याचे काम काझुको शिबुया यांच्याकडे होते. मालिकेतील आरंभीच्या खेळांची पात्रचित्रे त्यांनीच काढलेली. संगीताची नवी मांडणी उएमात्सु यांच्या देखरेखीखाली झाली. २०१४ च्या मोबाइल आवृत्तीत चित्रे गुळगुळीत आणि निर्जीव करून टाकली होती. तिच्या तुलनेत हे काम फार वरच्या दर्जाचे आहे यात शंका नाही. अक्षरवळणाबाबत मात्र घोटाळा झाला. या पुनर्संस्करण-मालेतील आरंभीच्या संगणक आवृत्त्यांमधील रोमन अक्षरे इतकी बारीक आणि परकी दिसत की रसिकांनी खेळाच्या फाइली उघडून ती स्वतःच बदलून घेतली. २०२३ च्या आवृत्तीत जुन्या वळणाची अक्षरे निवडण्याची सोय आली, तीही या नाराजीनंतर.

याच २०२३ च्या आवृत्तीत आणखी दोन सोयी आहेत. लढाईतून मिळणारा अनुभव चौपट करता येतो आणि आडवे येणारे शत्रू पूर्णपणे बंद करता येतात. शिवाय जुने संगीत ऐकावे की नवे, तेही खेळणाऱ्याने ठरवावे. यांवर दोन प्रकारचे आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही मला उथळ वाटतात. एक पक्ष म्हणतो, कष्टावाचून खेळणे म्हणजे खेळच नव्हे. परंतु आठ तास उभे राहून काम केलेल्या मुलाने त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा कराव्यात, असा आग्रह धरण्याचा अधिकार आरामात बसलेल्या समीक्षकाला नाही. आपल्या संगीत नाटकातील पदांची संख्या काळाबरोबर घटली, रात्रभर चालणारे प्रयोग तीन तासांवर आले, म्हणून 'सौभद्र' मेले नाही. दुसरा पक्ष म्हणतो, सोय ऐच्छिक असल्यामुळे तिने काहीच बिघडत नाही. हेही तितकेसे खरे नाही. शत्रू बंद करून जो त्या एकाकी बेटावर उतरेल, त्याला आपोआप मरणारे प्राणी कधी दिसणारच नाहीत. त्याला मोकळा किनारा दिसेल, कदाचित थोडी शांतताही वाटेल. त्याने गाळले ते केवळ कष्ट नव्हेत. एक अर्थपूर्ण परिच्छेद त्याच्या नकळत गळला. सोयीची कळ सर्व लढायांना एकच न्याय लावते. कोणती लढाई भरणा आहे आणि कोणती लढाई निवेदन आहे, हा विवेक तिच्यात नाही. तो संपादकाने करावयाचा असतो. या आवृत्तीला तंत्रज्ञ लाभले, चित्रकार लाभले, मूळ संगीतकारही लाभले. पण संपादक मात्र लाभला नाही.

ऑपेराचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. सेलेस ही मारिया नावाच्या गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते आणि गीताची योग्य ओळ खेळणाऱ्याने आठवून निवडायची असते. १९९४ च्या यंत्रात ध्वनीसाठी अवघी ६४ किलोबाइट स्मृती आणि आठ स्वरवाहिन्या होत्या. मानवी गायन त्यात मावणे शक्य नव्हते. म्हणून उएमात्सु यांनी कंठासारखा भासणारा एक कृत्रिम स्वर योजला आणि शब्द पडद्यावर लिहून दाखविले. परिणामी गाणे पूर्ण होत असे ते खेळणाऱ्याच्या मनात. नव्या आवृत्तीत हे गीत सात भाषांत खऱ्या गायकांनी गायिले आहे आणि रंगमंचालाही खोली दिली आहे. ऐकावयास ते सुंदर आहे, मी ते दोनदा ऐकले. परंतु आता आपण श्रोते होतो. पूर्वी गायनात आपला वाटा होता. तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवर बालगंधर्वांचे पद ऐकणाऱ्याला हा फरक समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. ओघात एवढेच नोंदवावे की त्या सात भाषांत एकही भारतीय भाषा नाही आणि पडद्यावरील मजकूरही भारतीय भाषांत उपलब्ध नाही.

संहितेतील चूक

मूळ १९९४ च्या कार्यक्रमात एक प्रसिद्ध दोष होता. शत्रूचा घाव चुकविण्याची क्षमता दाखविणारा एक आकडा प्रत्येक पात्राच्या नावापुढे दिसत असे. प्रत्यक्षात तो आकडा काहीच करीत नसे. जादूचा मारा चुकविण्याचा दुसरा आकडाच दोन्ही कामे करी. खेळणाऱ्यांनी हे हेरले आणि त्यावर आपले डावपेच उभारले. पुढील आवृत्त्यांत हा दोष दुरुस्त झाला, तसा तो पिक्सेल रीमास्टरमध्येही दुरुस्त आहे. दुरुस्ती योग्यच. लेखनिकाची चूक कवीच्या माथी मारू नये, हे पाठचिकित्सेचे आद्य सूत्र आहे. परंतु पुण्याच्या भांडारकर संस्थेने विष्णु सीताराम सुकथनकर प्रभृतींच्या संपादनाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा गाळलेला श्लोकही तळटीपेत किंवा परिशिष्टात नोंदला गेला, कोणत्या पोथीत तो आहे हे सांगून. वाचकाला संपादकाशी असहमत होण्याची सामग्री संपादकानेच पुरविली. पुनर्संस्कारित खेळात अशी तळटीप नसते. काय दुरुस्त केले, काय गाळले, कोठून घेतले, याची नोंद कृतीच्या आत कोठेही सापडत नाही. ती जागरूक रसिकांनी स्वतः तुलना करून सिद्ध करावी लागते.

गाळलेले थोडे नाही. जपानमध्ये २००६ आणि अमेरिकेत २००७ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्स या हातातील यंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीत एक नवे मोठे विवर, काही नवी दैवते आणि नवे शत्रू घातले होते. ते मोबाइलच्या २०१४ च्या आवृत्तीतही होते. पिक्सेल रीमास्टरने ही भर वगळली. १९९४ च्या पाठाकडे परतावयाचे असेल तर हा निर्णय समर्थनीय आहे. प्रक्षिप्त भाग काढणे संपादकाचे कामच होय. समर्थनीय नाही ते हे की नवी आवृत्ती येण्यापूर्वीच, २०२१ मध्ये, जुनी मोबाइल आणि संगणक आवृत्ती विक्रीतून मागे घेण्यात आली. ज्यांनी ती आधी विकत घेतली होती त्यांच्यापाशी ती राहिली. नव्या वाचकासाठी दार बंद झाले. चुकीची, कुरूप, परंतु भरगच्च अशी ती प्रत तुलनेसाठी तरी उपलब्ध असावयास हवी होती.

हा एका कंपनीचा दोष मानून चालणार नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर मिळत नाहीत. अशा स्थितीत जुन्या पाठाचे जतन होते ते छंदिष्टांच्या संगणकांवर, अनुकरणप्रणालीच्या आधारे, कायद्याच्या काठाकाठाने. आपल्याकडे 'फायनल फँटसी सहा' ज्यांनी प्रथम पाहिला त्यांच्यापैकी अनेकांनी तो याच वाटेने पाहिला, कारण नव्वदच्या दशकात येथे घरोघरी पोहोचले ते आठ-बिटी नकली संच. मूळ सोळा-बिटी यंत्र क्वचित दिसे. प्रकाशक ज्या वाटेला चोरी म्हणतो तिच्यावरच पाठभेद टिकून आहेत, ही विसंगती संहिताशास्त्राच्या अभ्यासकाने डोळ्याआड करू नये.

पिक्सेल रीमास्टरची डबीबंद प्रत आधी मर्यादित संख्येत आणि २०२४ मध्ये सर्वसाधारण विक्रीसाठी निघाली, त्यामुळे हा पाठ तरी कपाटात ठेवता येईल. दैवतांची भर असलेला २००६-०७ चा पाठ कोणा विद्यार्थ्याला पाहावयाचा असेल, तर त्याला आज गेमबॉयची जुनी कार्ट्रिज कोठे हाती लागते का ते शोधावे लागते.