पट्टीची रेघ

‘हे पट्टीने काढलंय’ हा शेरा आमच्याकडे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या पोरांनी हमखास ऐकलेला असतो. आपल्या चित्रसमीक्षेनेही तो पुढे चालवला. मापाची रेघ ती नक्कलनवीसाची, हातची रेघ ती कलावंताची! चीनमध्येही हेच झाले.

तिथे वाडे, पूल आणि नावा पट्टीच्या आधाराने काढण्याच्या शैलीला ‘जिएहुआ’ म्हणतात. कुंचल्याला काडी जोडून धरायची आणि ती पट्टीच्या कडेने सरकवायची, म्हणजे रेघेची जाडी शेवटपर्यंत सारखी राहते. 1120 च्या सुमारास सम्राट ह्वीत्सुंगच्या चित्रसंग्रहाची सूची झाली. तिच्यात नावा आणि गाड्या राजवाड्यांच्याच वर्गात घातल्या आहेत. ते योग्यच, कारण तिन्ही सुताराच्या मापाने उभ्या राहतात. पुढे पंडित-चित्रकारांनी या शैलीला कारागिरी ठरवून खालचा पाट दिला.

हा निवाडा मला मान्य नाही. झांग झेदुआनचे सव्वापाच मीटर लांबीचे नगरचित्र पाहावे. या शैलीत आणि विशेषतः नावा, गाड्या, पूल काढण्यात त्याचा हात बसला होता, असे 1186 चे टिपण सांगते. कमानी पुलाखाली एक नाव येते आहे, डोलकाठी घाईने खाली घेतली जाते आहे आणि पुलावरचे लोक वाकून ओरडत आहेत. पूल आणि काठी मापात आहेत, म्हणूनच आपल्यालाही धास्ती वाटते. मापच ढिले असते, तर नाव कशीही निभावली असती. मात्र अठराव्या शतकातल्या युआन जियांगच्या भव्य वाड्यांत ही धास्ती उरत नाही. छपरे दिपवतात, माणसे शोभेला उरतात. तिथे दोष पट्टीचा नाही, पाहणे थांबल्याचा आहे.

आपल्याकडचे उदाहरण गंगाराम चिंतामण तांबटचे. 1790 च्या दशकात पुण्याच्या इंग्रज वकिलासाठी, चार्ल्स मॅलेटसाठी, त्याने वेरूळची लेणी चितारली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्यानेच काढला. लेण्याचे खांब मोजणारा हात जनावराच्या कातडीच्या घड्याही तितक्याच निगुतीने पाहत होता. तरी त्याचे नाव बहुतेक वेळा जेम्स वेल्सच्या हाताखालचा माणूस म्हणूनच येते. पट्टी आणि तांबटकी, दोन्हींची किंमत एकाच तागडीत झाली.

अकोटकडून नरनाळ्यावर गेलो की मी 1487 च्या महाकाली दरवाजासमोर वही उघडतो. हातानेच काढायचे, असा माझाही हट्ट होता. दरवेळी कमान सुबक यायची आणि बाजूचे सज्जे मात्र एकमेकांशी जुळायचे नाहीत. गेल्या हिवाळ्यात पट्टी नेली, दोरीने अंतरे घेतली. तेव्हा कळले, की इतकी वर्षे मी दरवाजा काढत नव्हतो, माझा हात काढत होतो.