बेम यांचे नऊ प्रयोग आणि ०.०१ चा अर्थ

पी व्हॅल्यू म्हणजे काय, असं विचारलं की हमखास मिळणारं उत्तर: ०.०५ पेक्षा कमी आली, म्हणजे आपली परिकल्पना खरी असण्याची शक्यता ९५ टक्के. हे चूक आहे. का चूक, हे समजायला डॅरिल बेम यांचा पेपर वाचावा. २०११ साली 'जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी' या वजनदार जर्नलमध्ये तो आला. दावा असा की माणसाला पुढे घडणारी गोष्ट आधीच जाणवते. नऊ प्रयोग, त्यातले आठ सिग्निफिकंट!

पहिला प्रयोग बघू. कॉर्नेल विद्यापीठातले १०० विद्यार्थी. स्क्रीनवर दोन पडदे, एकामागे चित्र. कोणत्या, ते ओळखायचं. गंमत अशी की चित्राची जागा कॉम्प्युटर ठरवणार, तीही तुमची निवड झाल्यावर. नुसत्या योगायोगाने ५० टक्के अंदाज बरोबर यावेत. कामुक चित्रांसाठी ५३.१ टक्के आले. पी ०.०१.

या ०.०१ चा अर्थ एवढाच: असा काही परिणाम नसताच, तर इतका किंवा याहून मोठा फरक शंभरात साधारण एकदा दिसला असता. परिणाम खरा असण्याची शक्यता ९९ टक्के, असं हा आकडा म्हणतच नाही. ते ठरवायचं तर भविष्य आधी जाणवणं मुळात कितपत शक्य आहे, हेही धरावं लागेल. पी व्हॅल्यूच्या गणितात त्याला जागाच नाही. आणि फरक केवढा? कामुक चित्रांचे माणशी सरासरी साडेपंधरा प्रयत्न, त्यात जादा बरोबर आलेला अंदाज जेमतेम अर्धा.

माझा खरा आक्षेप मात्र मेथड सेक्शनवर आहे (जो आपण सगळे उडवतो). ४० सत्रांत कामुक, नकारात्मक आणि तटस्थ चित्रं होती. उरलेल्या ६० सत्रांत कामुक आणि इतर सुखद. म्हणजे एकाच प्रयोगात दोन रचना. बेम म्हणतात, अपेक्षा कामुक चित्रांबद्दलच होती. असेलही. पण आराखडा आधी कुठे नोंदवलेला नसेल, तर वाचकाने ते तपासायचं कसं? कॅरममध्ये भलतीच सोंगटी गेल्यावर 'हीच तर मारायची होती' म्हणणारा भिडू सगळ्यांनाच भेटलेला असतो. पाच प्रकारच्या चित्रांवर पाच स्वतंत्र कसोट्या लावल्या, तर काहीही नसताना निदान एक ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता २२.६ टक्के भरते. शोधताना सापडलेलं आणि आधी ठरवून तपासलेलं यांची सरमिसळ झाल्याची टीका वागेनमाकर्स आणि सहकाऱ्यांनी त्याच अंकात केली होती.

पुढे रिची, वाइजमन आणि फ्रेंच यांनी नववा प्रयोग तीनदा, दर वेळी ५० जणांवर, पुन्हा केला. हाती काही लागलं नाही. आम्ही निव्वळ पुनरावृत्ती छापत नाही, असं सांगून मूळ जर्नलने त्यांचा पेपर परत पाठवला. तो २०१२ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला.