मानाची संस्कृती आणि न्यायाची वानवा

अमेरिकेच्या दक्षिण भागात खून अधिक का होतात? रिचर्ड निस्बेट आणि डोव्ह कोहेन यांनी १९९६ च्या ‘कल्चर ऑफ ऑनर’ या ग्रंथात त्याचे उत्तर संस्कृतीत शोधले. तिथले गोरे गुराख्या-मेंढपाळांचे वंशज. कळप रातोरात चोरीला जातो, म्हणून अपमान गिळायचा नाही. विद्यार्थ्यांना बोळात धक्का मारून शिवी हासडण्याचा त्यांचा प्रयोग मोठा चतुर आहे. दक्षिणेकडच्या पोरांच्या लाळेतील संप्रेरके वाढली!

‘ही माणसे मुळातच मारकुटी’ असे आपल्या वस्तीबद्दल ऐकत शिकलेला मी ‘संस्कृती’ या शब्दाला सहज भुलत नाही. कायद्यावर ग्रंथात प्रकरण आहे. पण तेथेही कायदा हा संस्कृतीचाच आविष्कार ठरतो. मला क्रम उलटा दिसतो. १९५५ साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलच्या मारेकऱ्यांना गोऱ्या ज्यूरीने तासाभरात निर्दोष सोडले. पुढच्या जानेवारीत त्यांनी पैसे घेऊन ‘लुक’ नियतकालिकात खुनाची कबुली दिली. कुणाला मारले तर चालते, हे तिथे न्यायालयानेच शिकवले. लिंचिंग हा संघराज्याच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरायला २०२२ उजाडले.

ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या पँथरने नाव घेतले, त्या काळ्यांच्या लॉस एंजेलिसमधील वस्त्यांवर पत्रकार जिल लिओव्ही यांनी २०१५ मध्ये ‘गेटोसाइड’ लिहिले. किरकोळ गुन्ह्यांसाठी पोलीस छळतात, खुनाचा तपास मात्र तडीस जात नाही. मग माणसे आपापला हिशेब चुकता करतात. ही मांडणी मला अधिक पटते. मात्र एका कर्तबगार तपास अधिकाऱ्यावर त्या फारच भिस्त ठेवतात.